राबाजवळ लागलेली झोप

भुताखेतांची, देवदेवस्कीची आमच्या घरात सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचो. तरी आज हे लिहितोय, कारण ज्यांना सांगायला हवं होतं ते आता कुणी उरले नाहीत...

पन्नासचं दशक संपत आलं असेल. पोलादपूरजवळ, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. फ्लूच्या साथीतून मी उठलो, पण झोप काही हटेना! जेवताना पेंगायचो, बैलांमागं चालताना पेंगायचो. मोठा भाऊ, दादा, माझ्यानंतर आजारी पडला होता, तो अजून तापात. म्हणून राब भाजायचं काम माझ्याकडे आलं.

भाताची रोपं जिथं करायची त्या जागेवर पाला-शेण पसरून जाळायचं, तो राब. वारा सुटायच्या आत, पहाटेच पेटवायचा आणि विझेपर्यंत हिरवा डहाळा घेऊन राखत उभं राहायचं. मी उठलो तेव्हा उन्हं वर आली होती.

"नाय झेपत तर ऱ्हाऊ दे रं, मी येतो," दादा पडल्या पडल्या म्हणाला.

"तू गप पड. मी हाय ना!"

राब पेटवला, बांधावर जरा टेकलो... बस्स.

जाग आली तर आग बांध ओलांडून शेजारच्या काकीच्या गोठ्याकडे गेलेली. एकट्या बाईचे दोन बैल आत बांधलेले! पण गोठ्याच्या दहा पावलं अलीकडे कुणीतरी ती झोडपून विझवली होती. माझा डहाळा तिथंच बुडख्यापर्यंत जळून पडलेला — तोडून बांधावर ठेवल्यापासून मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. वाडी तर सगळी लग्नाला बिरवाडीला गेलेली.

दुपारी काकी परतली, जळलेलं गवत बघितलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माझं बैल राखलास रं पोरा." मी जळका डहाळा उचलून घराकडे निघालो.

घरी आई दादाच्या तळहातांना खोबरेल लावत होती. फोडच फोड.

"जागचा उठला नाय रं! मी हलले नाय याच्याजवळनं. झोपंत वरडला, नि हात हे असं..."

दादानं डोळे उघडले. "इझली?"

आग लागल्याचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "इझली. मीच इझवली."

"बरा केलास," म्हणाला आणि डोळे मिटले.

दादा पुढं बरा झाला, खूप वर्षं जगला. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. हे कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. पण त्या संध्याकाळी काकीकडून बैल वाचल्याचं ऐकून आईनं दादासाठी राखलेलं दूध कौतुकानं माझ्यापुढं ठेवलं, आणि मी ते सगळं प्यायलो.