डबघाईतल्या कंपनीची गाडी आणि आरे-वारेचा चढ

आंबा घाट उतरून एसटी साखरप्याला थांबली आणि सुरेशरावांचा फोन आला. "दादा, हातखंब्याला उतरा. आपल्या कंपनीचीच गाडी आणतो."

'आपल्या' हा शब्द मला खटकला. सुरेशराव माझ्या धाकट्या बहिणीचे, विद्याचे यजमान. घरामागची हापूसची कलमं तोडून तिथे एका डबघाईला आलेल्या मोटार कंपनीची एजन्सी थाटायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी पिंपरीच्या अशाच एका मोटार कारखान्यात नोकरी केली आणि तो बंद पडताना पाहिला. म्हणूनच विद्याने मला बोलावून घेतलं होतं.

गाडी नवी होती, विजेवर चालणारी. मी वाकून खालून पाहिली, दारं आपटून आवाज ऐकला.

"म्हैस बघताय की गाडी?" सुरेशराव हसले.

घरी विद्याने घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार पोळे) वाढले आणि मग मला मागच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) नेलं. बुंध्यांवर तोडणीसाठी चुन्याच्या खुणा केलेल्या होत्या.

"मामंजींनी कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून जगवलीत ही," एवढंच ती म्हणाली.

दुपारी सुरेशराव मला आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेले. सुरूच्या सावलीत चहाच्या टपरीपाशी त्याच कंपनीची एक जुनी गाडी उभी होती. मी तिच्या चालकाला गाठलं.

"गाडी वायट नाय हो. पार्टच मिळत नव्हते. आता येतात."

"कंपनी बुडणार म्हणतात."

"बुडणारा पार्ट कशाला पाठवील?"

हा माणूस पढवून तर उभा केला नाही? मी सुरेशरावांकडे बोट दाखवून विचारलं, "यांना ओळखता?"

त्याने त्यांना नीट न्याहाळलं. "नाय बा. कोण हे?"

परतताना चढावर आमची गाडी बंद पडली. खाली निळं पाणी, वर ऊन आणि सुरेशरावांचा चेहरा पडलेला. मला मात्र आतून बरं वाटलं. माझा संशय खरा ठरला होता!

त्यांनी फोन केल्यावर कंपनीच्या इंजिनिअर बाई स्वतः आल्या. कोकणातल्या तक्रारी पाहायला त्या रत्नागिरीत मुक्कामाला होत्या. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ तपासलं.

"चूक आमची आहे," हात पुसत त्या म्हणाल्या. "खाऱ्या हवेत ही तारांची जोडणी गंजते. अशा सगळ्या गाड्यांची जोडणी आम्ही बदलून देतोय."

"वरच्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. आवडलं नाही त्यांना. पण नव्या जोडण्या पाठवल्या."

आमच्या कारखान्यात असं बोलणाऱ्याची बदली व्हायची.

गाडी सुरू झाल्यावर मी सुरेशरावांना म्हणालो, "कंपनी जगू शकेल. पण कलमं तोडू नका. गावात भाड्याचा गाळा घ्या."

"जगणार असेल तर भाड्याचा कशाला?"

"कारण तिथला खरं बोलणारा एकच माणूस मला भेटलाय."

ते रागावले. दुसऱ्या दिवशी मला स्टँडवर सोडताना मात्र म्हणाले, "गाळा बघतो. विद्याने सकाळीच बुंध्यांवरचा चुना धुवून टाकलाय."

एसटी घाट चढू लागली. आमच्या गाड्या वाईट होत्या म्हणून कारखाना बुडाला, असं मी आजवर सांगत आलो. पण दोष तर सगळ्याच गाड्यांत असतात. आमच्याकडे ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

पुण्यात शेजाऱ्यांनी विचारलं, "काय, टिकेल का ती कंपनी?"

"कदाचित," मी म्हणालो. कुठल्या मोटार कंपनीबद्दल इतकं चांगलं मी बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो.