कुंपणावरची पाटी

सकाळी फिरायला निघालो की देवपूजेसाठी दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं तोडायची, ही माझी जुनी खोड. कोपऱ्यावरच्या बंगल्याला पाटी होती, ‘फुले तोडणाऱ्यावर कारवाई केली जाईल.’ ती वाचून मी फक्त इकडेतिकडे बघायचो आणि पिशवी भरायचो.

आज तिथे नवी पाटी होती, हातानं लिहिलेली. ‘देवासाठी दोन फुलं जरूर घ्या. कळ्या तेवढ्या उद्यासाठी राहू द्या.’

काय सुंदर लिहिलंय! जुन्या पाटीला चोर पकडायचा होता. हिला झाड जपायचंय. त्या एका ‘जरूर’नं मला शेजारी करून टाकलं.

जास्वंदीची दोनच फुलं घेतली. आत झाडांना पाणी घालणाऱ्या काकूंना म्हटलं, “दोन घेतली हं.”

“रोजच नेता की,” त्या हसल्या. “आज सांगितलंत.”