तांबडीला सोबत

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दौंडला आणायचंच असा मी चंग बांधला होता. आई जाऊन वर्ष झालं होतं. दुष्काळ नुकताच सरला होता. शिरूरच्या अलीकडं, न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी आप्पा एकटेच राहायचे, आणि इकडं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी जिवाला घोर लावून घ्यायची. चुलीपुढं घेरी आली तर? विहिरीवर पाय घसरला तर? आमचे हे लोको शेडमध्ये फिटर. माणूस गरीब गाईसारखा. सासऱ्याला आणायचं म्हटल्यावर लगेच "आणा की" म्हणाले. अडचण कसलीच नव्हती. निघाली ती एका कोंबडीची.

आईच्या मागं बऱ्याच कोंबड्या होत्या. त्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली आणि बघता बघता खुराडं रिकामं झालं. एक तांबडी तेवढी वाचली. चांगली थोराड, आईच्या हातची, आणि आईसारखीच हट्टी. मागं कुणी राहिलं नाही म्हटल्यावर तिनं आप्पांनाच कळपात घेतलं. आप्पा ओसरीवर बसले की ती त्यांच्या पायाशी, आप्पा परड्यात गेले की ती मागं. चहा प्यायला बसले तर समोर मान वाकडी करून उभी. आप्पा तिच्याशी बोलायचे. बरंचसं माझ्याच तक्रारीचं असायचं.

"आप्पा, चला आता दौंडला," मी म्हणायची.

"आन् हिच्याकडं कोन बघंल?"

"तिलाही घेऊ की."

"तुमच्या त्या इंजनाच्या शिट्ट्या! दोन दिसात अंडं घालायचं बंद व्हईल ती."

शेजारी आमची चुलती राहायची. तिला म्हटलं, तुम्ही सांभाळा. ती म्हणाली, "अगं, सांभाळीन, पर ती ऱ्हाती का? तिला मानसाची सवय लागलीया. एकटी कोंबडी आन् एकटा म्हातारा, दोघंबी बडबडत सुटत्यात. तिला जोडीदारनी बघ. एकदा कोंबड्यांत रमली, की म्हातारा मोकळा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढच्या खेपेला दौंडच्या बाजारातून दोन तलंगा घेतल्या, वयात आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणि पाटीत घालून, वर फडकं बांधून एस.टी.त बसले. सगळ्या वाटेनं त्या ओरडत होत्या आणि शेजारचा माणूस माझ्याकडं असा बघत होता, जणू मीच ओरडतेय.

अंगणात पाटी उघडली. तांबडीनं एक डोळा लावून बघितलं आणि जी झेप घेतली म्हणता! एकीच्या मानेची पिसं उपटली, दुसरीला परड्यापर्यंत पिटाळली. दोघी जाऊन सरपणात शिरल्या. आप्पा ओसरीवर बसून मिशीला पीळ देत होते.

"बघ. मी म्हनलो न्हवतो? तिला न्हाई लागत सोबत."

"आज पहिलाच दिवस आहे, आप्पा."

"पयला काय आन् दहावा काय! जातीची कजाग हाय ती."

महिन्यानं परत गेले, तर तलंगा अंगणात आणि तांबडी डालग्याखाली झाकलेली. आप्पांचा चेहरा सुतकी. "जमत न्हाई बघ. झाकून ठिवावी लागती." चुलतीनं उपाय सांगितला: तिघींच्या अंगाला एकाच चुलीतली राख चोळायची, म्हणजे आपली कोण आणि परकी कोण ते कोंबडीला कळत नाही. मी पदर खोचला. एकेकीला मांडीवर धरून राख चोळली. तिघी राखाडी झाल्या, मीही झाले. आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि सोडल्याबरोबर तांबडीनं त्या दोघींना बरोबर हुडकून काढून चोप दिला. माझं डोकं असं फिरलं, की म्हटलं आखाडात हिचाच रस्सा करते!

त्यानंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा तेच. डालगं, डालग्याखाली तांबडी, आणि आप्पांचा तो सुतकी चेहरा. मी यायच्या आधी कार्ड टाकायची, त्यामुळं आप्पांना दिवस ठाऊक असायचा. ह्यात काही गोम असेल असं माझ्या मनातही आलं नाही. बापावर कोण संशय घेतं?

मग एकदा शिरूरला नात्यातलं लग्न निघालं. परतताना मनात आलं, उतरावं गावी. न कळवताच गेले, तेही मागच्या बांधावरून, परड्याच्या बाजूनं.

बघते तर काय! उकिरड्याशेजारच्या मातीत तिघी एकाच खड्ड्यात लोळत होत्या. एका तलंगेनं तांबडीच्या पाठीवर मान टाकली होती आणि ती कजाग बया डोळे मिटून पडली होती. शेजारी आप्पा उकिडवे बसून ओंजळीत बाजरी धरून म्हणत होते, "या गं बायांनो, या."

मी खाकरले.

आप्पांनी वर बघितलं. काय चपळाई त्या माणसाची! बाजरी टाकली, तांबडीला काखोटीला मारलं, धावत जाऊन डालग्याखाली कोंबली आणि धापा टाकत म्हणाले, "आत्ताच मारामारी केली बघ!"

तलंगा डालग्याभोवती गरागरा फिरत होत्या. आत शिरायला फट शोधत होत्या. आतून तांबडी बोंबलत होती. भिंतीपलीकडं चुलती तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणजे तिलाही सगळं माहीत होतं.

"कधीपासून जमलं?" मी विचारलं.

"तू लावल्याली राख निघायच्या आदीच."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मला रागच आला. खरा राग. "मी तिकडं तुमच्या काळजीनं मरते, आन् तुम्ही माझा तमाशा करता? नाही यायचं तर तोंडानं सांगायचं होतं!"

आप्पा खाली बसले. बराच वेळ बाजरीचे सांडलेले दाणे वेचत राहिले.

"तू ह्या दोघी आनल्यास त्या दिशी मार कुनी खाल्ला?"

"तलंगांनी."

"हिनं?"

"हिनं दिला."

"का? तर घर हिचं व्हतं. हिला सोबत आनलीस, ती हिच्या आंगनात आनलीस. हिला उचलून न्हाई न्हेलीस." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझं घर वंगाळ न्हाई, पोरी. जावई सोन्यासारखा हाय. पर तिथं मी तलंग हाय."

सत्तरीचा, गालभर मिशा असलेला माणूस. कुणी दुसऱ्यानं ऐकलं असतं तर लोळून हसलं असतं. सासरी नवी गेले तेव्हा मीही सरपणातच शिरले होते की, महिनाभर. इतकी वर्षं झाली, तरी ते मी बापाला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. डालगं उचललं. तांबडी फडफडत बाहेर आली, आधी मला एक टोच मारली आणि मग तलंगांकडं गेली.

आप्पांनी चहा केला. माझा बाप नीट चहा करतो हे मला त्या दिवशी कळलं. गूळ जरा जास्त झाला होता, पण चहा चांगला होता.

संध्याकाळच्या गाडीनं दौंडला एकटीच उतरले. लग्नाहून येताना मी गावी डोकावणार हे ओळखून हे स्टँडवर न्यायला आले होते. माझ्या मागं कुणी दिसतंय का बघत म्हणाले, "काय गं? अजून कोंबड्यांचं जमलं नाही व्हय?"

"जमलं," मी म्हटलं. "म्हणूनच आप्पा येत नाहीत."