‘येऊ का?’ आणि आमची वाट

काल, गुरुवारी १२ तारखेला, कल्याण कोर्टात साक्ष होती. अकराला हजर झाले, साडेतीनला नाव पुकारलं, चारला मोकळी झाले. खरं तर एवढंच... पण मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

ठाकुर्लीला आमची बिल्डिंग आतल्या बाजूला आहे. स्टेशनच्या रस्त्याला जायला एकच सरळ पायवाट, ती शेजारच्या तात्यांच्या मालकीच्या जागेतून, त्यांच्या ओट्यासमोरून. पंचवीस वर्षं आम्ही सगळे तिथूनच चाललो. मग तात्यांच्या मुलाने गेट लावलं.

कोर्टाच्या आदेशाने निकालापर्यंत ते उघडं आहे. निकाल विरुद्ध गेला तर नाल्याला वळसा घालून अर्धा तास... आणि बिल्डिंगमध्ये निम्मे लोक साठीच्या पुढचे.

केस आमच्या ह्यांनी उभी केली. कागद, फोटो, सह्या, सगळं तेच बघायचे. श्रावणात हे गेले, साक्ष राहून गेली. मग वकील म्हणाले, आता वहिनींनाच उभं करू.

वकिलांनी मला एकच गोष्ट समजावली होती. वीस वर्षं हक्काने चाललात तर वहिवाट तुमची. मालकाच्या परवानगीने चालत होतात असं एकदा जरी निघालं, तर संपलं. खालच्या मजल्यावरचे भाऊजी म्हणाले, वहिनी, हो किंवा नाही, तिसरा शब्द नको. तुम्ही तशाही कमीच बोलता, कोर्टात त्याचा फायदा.

तेव्हापासून घास उतरत नव्हता. कारण हे रोज सकाळी ओट्यासमोर क्षणभर थांबायचे आणि तात्यांना म्हणायचे, ‘येऊ का?’ सगळ्यांना माहीत होतं. समोरच्या वकिलांनाही असणार...

होतं.

“तुमचे मिस्टर तिथून जाताना मालकांना काय म्हणायचे?”

शपथ घेतली होती. आणि ह्यांचे शब्द मी बदलणार तरी कशी... म्हटलं, “येऊ का, म्हणायचे.”

“आणि मालक?”

“या, म्हणायचे.”

वकील हसले. “म्हणजे विचारल्याशिवाय पाऊल टाकत नव्हते. फार सभ्य गृहस्थ.”

आमच्या बाकावर कुणीतरी च्च केलं. मी पिंजऱ्याची लाकडी कड धरली होती, ती घामाने ओली झाली. सगळ्यांची वाट मी घालवली, आणि तीही ह्यांच्याच शब्दांनी...

न्यायाधीश मॅडम टायपिस्टला इंग्रजीत सांगू लागल्या, साक्षीदाराचे पती रोज परवानगी मागत असत... तेवढं मला कळलं. मी कधी कुणाच्या मध्ये बोलत नाही. तेव्हा बोलले.

“मॅडम, घरातून निघताना हे मलाही येऊ का म्हणायचे. घर त्यांचंच होतं.”

कुणी हसलं नाही. मॅडम थांबल्या. मग टायपिस्टला म्हणाल्या, ते खोडा, शब्द मराठीतच घ्या, जसेच्या तसे. तात्या मागच्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

निकाल कधी आणि काय, कुणास ठाऊक. आमचे वकील म्हणतात, त्या दोन शब्दांवर केस अडूही शकते, सुटूही शकते. भीती आहे तशीच आहे... जिना चढताना कुणी भेटलं की वाटतं, उद्या हेच लोक मला काय म्हणतील.

पण ह्यांचं बोलणं कागदावर ह्यांच्याच भाषेत राहिलं, त्यासाठी मॅडमचे आभार मानावेसे वाटतात. कोर्टात ते सुचलं नाही.

आज सकाळी दूध आणायला निघाले. चप्पल घातली, दारात उभी राहिले. शब्द ओठांपर्यंत आले... आत ‘या’ म्हणायला कुणी नाही.

कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि पिशवी घेऊन जिना उतरले.