वस्तऱ्याखालचा होकार

न्हावीदादा बोलण्यात कुणाला हार जाणारा माणूस नव्हे. गालाला साबण लागला की त्याची गाडी सुटायची. "ब्लडप्रेशरच्या गोळ्या? अहो, सगळा कंपन्यांचा धंदा! हे शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरंच. खरं की नाही?" गिऱ्हाईक म्हणायचं, "हूं." दिवसभरात असे ढीगभर होकार जमायचे. मग गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं दादा कशाला ऐकतोय? गोळी घेऊनही एखादा गेला, तर ते दादाच्या कायमचं ध्यानात राहायचं. गोळी घेऊन धडधाकट फिरणारे मात्र त्याला दिसायचेच नाहीत.

बायकोच्या नुकत्याच सुरू झालेल्या गोळ्याही त्याने बंद करायला लावल्या. "एवढी माणसं मला हो म्हणतात, ती काय वेडी आहेत?" ती "बरं" म्हणाली. आणि काय सांगावं, तिची चक्कर थांबली, चेहरा टवटवीत झाला! दादाला आभाळ ठेंगणं झालं. "आमच्या घरचंच बघा ना," तो गिऱ्हाइकांना सांगू लागला.

एके दिवशी खुर्चीत पोस्टमन होता. नेहमीचा प्रश्न, नेहमीचं "हूं". दादा वस्तरा धुवायला वळला आणि आरशात बघतो तर काय, पोस्टमनने खिशातून गोळी काढून गपकन तोंडात टाकली.

"कसली रे?"

"प्रेशरची. सकाळी विसरलो."

"अरे लबाडा! आत्ता तर हो म्हणालास!"

"दादा, गळ्यावर वस्तरा असताना नाही कोण म्हणेल?" पोस्टमन हसला. मग हळूच म्हणाला, "माझ्या बहिणीने सोडली होती गोळी. आता एक हात दुसऱ्या हाताने उचलते."

पोस्टमनला अर्ध्या दाढीवर सोडून दादा घराकडे पळत सुटला.

बायको भाजी निवडत होती. "ऊठ, डॉक्टरीणबाईंकडे चल. गोळ्या परत सुरू करायच्या."

"बंद कधी केल्या होत्या?" तिने डाळीच्या डब्यातून पाकीट काढून दाखवलं. अर्धं संपलं होतं.

दादा मटकन खाली बसला. जीव भांड्यात पडला आणि रागही आला. "मग मला 'बरं' कशाला म्हणालीस?"

"दुसरं काही ऐकू येतं का तुम्हाला?"

दादाने खाली पाहिलं. वस्तरा अजून हातातच होता, साबणासकट. त्याने तो मिटला आणि लांब सरकवून ठेवला.

"आता सांग. आणखी कशाकशाला नुसतंच 'बरं' म्हणालीस?"

"नीट बसा," ती म्हणाली. "वेळ लागेल."