खोल वाटीचे पिस्टन

मास्तरांनी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी सगळ्या वस्तीत ते मास्तरच होते. धंदा इंजिनं बांधण्याचा. खोललेलं इंजिन मोजायचं, झिजलेलं बदलायचं, पुन्हा जुळवायचं. मोजण्याची खोड अशी, की बायकोनं भिंतीत खिळा ठोकायला घेतला तरी हे फूटपट्टी घेऊन हजर. "संसारसुद्धा मोजूनमापून केला ह्यांनी," असं बायको म्हणायची, आणि म्हणताना हसायची.

ते हसणं मुलाबरोबर गेलं. डोंगरचढाच्या शर्यतीत एका वळणावर त्याची गाडी रस्ता सोडून खाली गेली. गाडीचा चेंदामेंदा झाला. इंजिन मात्र, निर्लज्जासारखं, जवळजवळ शाबूत राहिलं. मास्तरांनी ते कारखान्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवून दिलं. विकायचा धीर होत नव्हता आणि बघायचाही.

आणि आता धाकटी लेक समोर उभी राहून म्हणत होती, "बाबा, दादाचं इंजिन माझ्या गाडीत बसवायचंय. बांधून दे."

मास्तर हातातला पाना पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

"त्याच शर्यतीला?"

"त्याच."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर दुसरं कुणीतरी बांधेल. पण परक्याच्या हातचं इंजिन घेऊन मी तो डोंगर चढावा, असं वाटतं तुला?"

इकडे आड, तिकडे विहीर. लेक बापाच्याच वळणावर गेली होती. एकदा ठरवलं की केसभर हलायची नाही. जाताना दारातून वळून म्हणाली, "पिस्टन तूच निवड. दादा म्हणायचा, बाकी काही कुणीही निवडो, पिस्टन बाबांनीच निवडावेत."

घरी येऊन मास्तरांनी हे सांगितलं, ते बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. रडली असती तर बरं झालं असतं.

"अहो, ती काही ऐकायची नाही," ती म्हणाली. "पण इंजिन तर तुमचं ऐकतं ना?"

"म्हणजे?"

"पळूच नये असं बांधा. हरू दे दोन-चार वेळा. कंटाळेल, सोडून देईल. एक लेकरू गेलं माझं. मला शर्यत जिंकणारी नको, घरी परत येणारी मुलगी हवी."

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाचं इंजिन मुद्दाम वाईट बांधलं नव्हतं. शत्रूचंही नाही. पण बायकोच्या तोंडून आलं ते त्यांच्याही मनात होतंच. त्यांनी मान हलवली.

ह्या इंजिनाला टर्बो होता. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्री फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. मास्तर तिला फुंकणी म्हणत. "ज्याच्या छातीत दम आहे त्याला फुंकणी कशाला?" असं म्हणून त्यांनी फुंकणीवाल्या इंजिनाला कधी हात लावला नव्हता. ती सगळी पोराची विद्या. तो समजावू लागला की हे म्हणत, "तुझं तुला लखलाभ." आता विचारावं तर तो नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला विचारावं तर मास्तरपण आडवं येत होतं.

सिलिंडरला ओरखडे पडले होते. सिलिंडर तासून किंचित मोठे करावे लागले, म्हणजे पिस्टनही एक माप मोठे हवेत. पहिल्यांदा मनात आले ते ओतीव पिस्टन. ओतीव पिस्टन ठिसूळ. फुंकणीचा मारा सोसला नाही की डोकं तडकतं आणि शर्यत तिथंच संपते. पण पिस्टन काही सांगून सवरून तडकत नाही. ऐन वळणावर तडकला आणि चाकाखाली तेल आलं तर? छे, पिस्टन घडीवच हवेत, दणकट हवेत. फक्त आळशी हवेत.

आळशी कसे करायचे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पिस्टनच्या डोक्यावर वाटीसारखा खळगा असतो. वाटी जितकी खोल, तितकी वर जागा जास्त, आणि हवा-पेट्रोल तितकं कमी दाबलं जातं. दाब कमी, म्हणजे जोर कमी. हे गणित त्यांनी जन्मभर पडताळून पाहिलं होतं. सपाट डोक्याच्या पिस्टननं गाडी उसळते, खोल वाटीच्या पिस्टननं गुडघे धरून चालते.

सुट्या भागांच्या दुकानदारानं काउंटरवर तेलकट कागद पसरून घडीव पिस्टनांचे नमुने मांडले. मास्तरांनी एकेकाच्या वाटीत अंगठा फिरवला आणि सगळ्यात खोल होता तो उचलला. "हे द्या."

दुकानदारानं भुवया उंचावल्या. "वा मास्तर! कुणाकडून शिकलात?"

चोराच्या मनात चांदणं. मास्तरांना वाटलं, ह्यानं ओळखलं, आता टोमणा मारतोय. एरवी ह्याच काउंटरला टेकून गप्पा ठोकणारा माणूस, पण "बांधा लवकर" एवढंच म्हणाला आणि खोकं काखेत मारून चालता झाला. असं का विचारलंस, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

बाकी इंजिन त्यांनी जीव ओतून बांधलं. चारही पिस्टन तोलले. एक जरा जड भरला, तो आतून घासून इतरांच्या वजनाला आणला. प्रत्येक रिंगची फट पुन्हा पुन्हा मोजली. जुन्या पिस्टनांवर काजळी होती, ती पोराच्या शेवटच्या चढाची. ती पुसायला त्यांचा हात धजला नाही. ते पिस्टन फडक्यात गुंडाळताना मास्तर हमसून हमसून रडले, आणि मग तोंड धुऊन कामाला लागले.

लेकीनं इंजिन नेलं, गाडीत बसवलं, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण संगणकावर जुळवून देणाऱ्याकडे गाडी घेऊन गेली. तिथून ती थेट कारखान्यात आली आणि बापाच्या गळ्यात पडली.

"बाबा! तुला सगळं कळत होतं!"

"काय कळत होतं?"

"खोल वाटी! तो जुळवणारा बघतच राहिला. म्हणाला, ज्यानं हे पिस्टन निवडलेत तो टर्बो कोळून प्यायलाय. इंजिनाचा स्वतःचा दाब तू कमी ठेवलास, म्हणून तर टर्बोची हवा भरपूर कोंबता आली. सपाट डोक्याचे असते तर एवढ्या हवेनं भाजून निघाले असते. बाबा, दादाच्या वेळेपेक्षा दीडपट जोर आहे!"

मास्तरांनी कामाच्या टेबलाची कड धरली.

"मला वाटलं होतं, तू मुद्दाम काहीतरी फुसकं घालशील," ती म्हणाली. आता ती रडत होती. "दादा गेल्यापासून तू माझ्याकडे नीट बघतही नव्हतास. आणि माझ्यासाठी हे बांधलंस."

"हवा जरा कमीच ठेव, बाळा."

"काळजी करू नकोस रे. तो तर म्हणतो, अजून वाढवता येईल."

खरं जिभेवर आलं होतं. पण खरं सांगून इंजिन मंद होणार नव्हतं. तिच्या वाट्याचा बाप तेवढा कमी झाला असता. मास्तरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती गाडीत बसली आणि गल्लीतून हळू, अगदी शहाण्यासारखी गेली.

ते घरात आले तेव्हा बायको दाराशीच उभी होती.

"खूश दिसली पोरगी."

"हो."

"आणि गाडी? झाली ना मंद?"

मास्तरांनी आजवर कुणाला खोटं माप सांगितलं नव्हतं. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती, निकाल ऐकायला थांबलेल्या माणसासारखी.

"झाली," ते म्हणाले.

तिनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "चला मग, पानं घेते. आज मीही बसते तुमच्याबरोबर."

त्या दिवशी ती पोटभर जेवली, वर स्वतःहून पुन्हा वाढून घेतलं. "तुम्ही का थांबलात? जेवा ना," ती म्हणाली. मास्तर घास चावत राहिले.