ताईच्या चायनीजच्या मॅडम

आदी माफी. शुद्धलेखन चुकनार, आनी मला टायपिंग लई हळू येतं. एवढं लिहायला सकाळपासून बसले.

मॅडम गेल्या.

माझ्या न्हाई. माझ्या ताईच्या. पुन्याच्या कॉलेजात चायनीज शिकवायच्या. मी त्यांना एकदाबी समोर पाहिलं न्हाई.

सकाळी ताईचा फोन आला तवा ताईपेक्षा मीच जास्त रडले. मंग चहा घेतला. आता बरं वाटून राहिलं, म्हनून लिहिते.

मी नववीत शाळा सोडली. कोनी काढलं न्हाई. घरची तकलीफबी नव्हती. वर्गात उभं राहून वाच म्हनलं की माझा आवाजच निघायचा न्हाई. पोरं हासायची. एक दिवस गेले न्हाई, मंग गेलेच न्हाई.

माधुरीताई हुशार. बारावी झाली की पुन्याला गेली, चायनीज घेतलं.

इकडं शिरड शहापुरात बाबाला जो तो विचारायचा, "पोरगी चायनीज शिकून राहिली म्हंजे औंढ्यात नूडल्सची गाडी टाकनार का मंग?"

बाबा हासायचे. घरी येऊन न जेवताच झोपायचे.

पहिली लेव्हल ताई पास झाली. इंटरमिजिएटच्या तोंडी परीक्षेत नापास. बाबा बोलले, "अजून एक चान्स. न्हाई जमलं तर पुनं बंद, घरी ये."

आनी त्या चान्सच्या आदीच ताई स्कूटीवरून पडली. पाय प्लास्टरमदी. घरी आली.

मॅडम फोनवर शिकवायला लागल्या. मी चहा द्यायला गेले तवा स्पीकर चालू होता.

"माधुरी, पहिल्या लेव्हलला नाव-गाव सांगितलं की भागतं. इंटरमिजिएटला एकटीनं बोललेलं चालत नाही. समोर माणूस लागतो. घरात कोण आहे?"

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी कप ठेवून पळाले.

पन दुसऱ्या दिवसापासून बसले. पाठ दवाखान्याचा, पेशंट ताई, डॉक्टर मी. माझी वाक्यं ताई मराठी अक्षरात लिहून द्यायची, डोक्यावर रेघा. रेघ वर गेली की आवाज वर न्यायचा, खाली आली की आपटायचा. अंगनात बाज टाकून आमी मोठ्यानं म्हनायचो.

शेजारच्या काकू भिंतीवरून, "काहून भांडून राहिल्या गं पोरी?"

"भांडत न्हाई काकू, माझं पोट दुखून राहिलं," ताई बोलली.

"मंग ओवा खा की. त्या लेकराच्या अंगावर कशाला वरडती?"

परीक्षा व्हिडिओ कॉलवर होती. ताईसंगं बोलनारी पोरगी नांदेडची, ऐन वक्ताला तिचं नेटवर्क गेलं. मॅडमच्या बाजूला एक सर होते. ते म्हनले, "जोडीदार नाही ना? पुढच्याला घ्या."

ताई घाबरून बोलली, "मॅडम, माझी बहीन हाय इथं. डॉक्टरचं तिला येतं."

मी बाजेमागं लपले.

मॅडमचा आवाज आला. "बाळा, दिसायची गरज नाही. आवाज आला की झाला डॉक्टर. सावकाश. आम्ही थांबतो."

आम्ही थांबतो.

शाळेत माझ्यासाठी असं कोनी थांबलं नव्हतं.

मी तोंड उघडलं आनी पाठ केलेलं सगळं गेलं. डॉक्टरचं पहिलं वाक्य होतं, काय त्रास होतो. ते आठवेना. आमच्याकडं आजारी मानूस दारात आला की पहिले जे विचारतात तेच निघालं.

"छ ल मा?"

म्हंजे, जेवलीस का. ताई रोज ताट घेताना मला हेच विचारायची, तेवढं बराबर बसलं होतं.

 हे पाठात नव्हतंच. मंग ताईनं चायनीजमदीच सांगितलं, न्हाई जेवले, भूकच न्हाई. मी विचारलं, कधीपासून. कालपासून, भीती वाटून राहिली, म्हनली. खरंच जेवली नव्हती ती. तिथून आमी बोलतच राहिलो. पाठ राहिला बाजूला.

सर म्हनले, "डॉक्टर असं विचारत नसतो."

मॅडम हासल्या. "चीनमध्ये घरोघरी असंच विचारतात, सर. आणि माधुरीनं आज पहिल्यांदा घोकलेलं न म्हणता उत्तर दिलं. मला एवढंच हवं होतं."

ताई पास झाली. बाबा दुसऱ्याच दिवशी औंढ्याला गेले आनी कोनी विचारायच्या आदीच सांगत फिरले.

आठ दिवसांनी पोस्टानं मॅडमची चौकटीची वही आली, चायनीज अक्षरं गिरवायची. पाकिटावर माझं नाव. माझ्या नावानं घरी आलेलं ते पहिलंच पाकीट.

मॅडम फोनवर बोलल्या, "वर्गात तुझं नाव नाही. पण गैरहजेरी मी मांडणार हं."

दर रविवारी एका पानाचा फोटो पाठवायचा. एकदा लई चुकलं म्हनून मी दहादा माफी मागितली.

"माफी मराठीत कशाला? चायनीजमध्ये माग."

मागितली. तीबी चुकली. लई हासल्या.

या सोमवारी मी एकटीच शाळेत गेले. हेडसरांच्या टेबलापुढं उभी राहिले आनी मोठ्यानं बोलले, "सतरा नंबरचा फॉर्म पायजे. बाहेरून दहावीला बसायचं."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

फॉर्म भरला. रविवारी मॅडमला सांगनार होते.

राहिलं. म्हनून इथं सांगितलं.

मॅडम, तुमाला मनापासून नमस्कार. सुखानं जा.

आत्ताच लाऊडस्पीकरची रिक्षा गेली. सिद्धेश्वर धरनाचे दोन दरवाजे उघडलेत म्हने. वाचनारं कोनी इकडचं असलं तर पूर्नेकाठी जनावरं नेऊ नका.